नांदुरीच्या घाटात सायकल ढकलली, मग कॅसेट बदलली

तर झालं असं की ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं सायकलवर वणीच्या गडावर, सप्तशृंगीला निघालो. नवरात्रात घाट खासगी गाड्यांना बंद असतो, नांदुरीतून एसटीनेच वर जायचं, आणि मग कोजागिरीला कावडवाल्यांची गर्दी, म्हणून ते सगळं होऊन जाऊ दिलं आणि नंतरचा एक रविवार धरला. पहाटे पाचला पंचवटीतून दिंडोरी रोडला लागलो, म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी, वणी असं मस्त गप्पा मारत, उजवीकडे उजाडतंय, द्राक्षाच्या बागांमध्ये छाटण्या चाललेल्या, पंचवीसचा ॲव्हरेज, मी म्हटलं आज आपण फॉर्मात आहोत. नांदुरीत चहा झाला, दोन पार्ले झाले, आणि मग घाट सुरू झाला.

घाट साधारण दहा किलोमीटरचा. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच मी शेवटच्या गिअरला आलो. तिसऱ्यात ब्रेकचा मोठा लिव्हर (रोड बाईकला गिअर त्यानेच बदलतो) आत ढकलून बघितला, की बाबा अजून एखादा गिअर असेल तर दे. नसतो. तरी परत ढकलला. हे ज्याने रोड बाईकवर घाट चढलाय त्याला बरोबर कळेल, आपल्याला पक्कं माहीत असतं की मागे आठच चकत्या आहेत आणि आपण आठव्यावर आहोत, पण दर दोन मिनिटांनी हात आपोआप तिकडे जातो, जसं रिकाम्या डब्यात परत परत हात घालून बघावं तसं. कम्प्युटरवर चढ सहा-सात टक्के दिसत होता, वळणांवर आठ-नऊ. स्पीड सात, मग साडेसहा, एकेक पेडल म्हणजे जिन्याची एकेक पायरी, डावा गुडघा बोलायला लागला आणि एका वळणावर मी गुपचूप उतरलो. ढकलायला लागलो. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट घालून डांबरावर टकटक चालताना माणूस किती केविलवाणा दिसतो ते विचारू नका.

आणि तेवढ्यात मागून आमचे प्रेसवाले काका आले. म्हणजे नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, वय बासष्ट, सायकल माझ्यापेक्षा जुनी आणि जड, पुढे तीन चकत्या. बसल्या जागी, शिलाई मशीन चालवल्यासारखे पाय फिरवत, घामाचा थेंब नाही. बाजूने जाताना म्हणाले, "काय रे, देवीला पायी यायचा नवस होता का?"

त्या दिवशी मी वर पोचलो, दर्शनही झालं, पण डोक्यात ते वाक्य बसलं ते बसलंच.

आता थोडं मागचं सांगतो. २०१५ ला आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) रेस दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, ती पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम, तेव्हा आमच्या कॉलनीत जो तो सायकल घ्यायला निघाला होता. त्यातल्या निम्म्या आता गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला आहेत. मी बराच उशिरा घेतली, पण रोड बाईक घेतली, शिमानो क्लॅरिस गिअरची, पुढे ५०-३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे आठ स्पीडची ११-२८ कॅसेट, म्हणजे ११ पासून २८ दातांपर्यंतच्या आठ चकत्यांचा गठ्ठा. घेताना मला या आकड्यांचा अर्थ कळत नव्हता, मी रंग बघून घेतली. खरं सांगतो.

घाटातून आल्यावर मी जिथून सर्व्हिसिंग करतो तिथे विचारलं. तिथला माणूस म्हणाला कॅसेट बदलून काही फरक पडत नाही, पाय बनवा पाय, आणि फारच वाटत असेल तर अख्खा ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच, अपग्रेड करा. पाय बनवायचे वय निघून गेलंय हे त्याला कोण सांगणार, मी सेहेचाळीसचा आहे. आणि ग्रुपसेटच्या पैशात मुलीच्या क्लासची फी जाते. म्हणून मग वही काढली.

हिशोब एकदम साधा आहे पण कुणी समजावत नाही. पुढची चकती ३४ दातांची, मागची सगळ्यात मोठी २८ ची. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१, म्हणजे पेडल एकदा फिरवलं की चाक सव्वाला थोडं कमी फिरतं. माझ्या ७०० बाय २५ टायरचा परीघ धरा २.१ मीटर. म्हणजे एका पेडलला सायकल २.५५ मीटर पुढे जाते. मागे २८ च्या जागी ३२ लावलं तर तेच २.२३ मीटर होतं. बस. ताशी आठच्या स्पीडने घाट चढायचा तर २८ वर मिनिटाला ५२ वेळा पाय फिरतात, ३२ वर ६०. ताकद तीच, पण ती ५२ घासांत खायची की ६० घासांत, एवढाच प्रश्न, आणि प्रत्येक घास साडेबारा टक्क्यांनी छोटा होतो. गुडघ्याला फरक पडतो तो त्या घासाच्या साइजचा.

म्हणजे "सोपा गिअर लावला की कमी मेहनत" हा जो समज आहे ना तो चूक आहे. चढायची उंची तेवढीच, वजन तेवढंच, आणि माझ्या वजनाबद्दल आपण बोलायला नको. त्याच स्पीडने चढलात तर मेहनत तेवढीच लागते. फक्त ती पायातून काढायची की दमातून, हे आपल्या हातात येतं. पाय एकदा भरून आले की भरून आले, दम मात्र पुढच्या वळणावर सावली मिळाली की परत येतो.

आणि एक गंमत. आमच्या ग्रुपमध्ये एकदोन जण असे आहेत की त्यांना मोठी कॅसेट म्हणजे कमीपणा वाटतो, "डिनर प्लेट लावलीय का" असं म्हणतात. हा रोग आजचा नाही. टूर द फ्रान्समध्ये डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणाऱ्या यंत्राला, परवानगी मिळाली ती १९३७ साली, त्याआधी रेसवाले घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं लावायचे, कारण दुसऱ्या बाजूला सोपी चकती असायची. गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचं काम असं तेव्हाही लोक म्हणायचे. आता शिमानोची सगळ्यात महागडी ड्युरा-एस घेतली तरी तिच्यात ११-३४ ची कॅसेट मिळते. रेसवाल्यांना चालते आणि आपण कॉलेज रोडला लाजतो.

मग प्रश्न आला ३२ घ्यायची की ३४. मी आधी डोळे झाकून ३४ च घेणार होतो, घ्यायचीच तर मोठी घ्या. पण आठ स्पीडमध्ये इथे एक मेख आहे. ११-३४ च्या चकत्या अशा असतात: ११, १३, १५, १७, २०, २३, २६ आणि मग थेट ३४. २६ वरून ३४ वर उडी, म्हणजे तीस टक्क्यांच्या वर. घाटात २६ जड वाटतोय म्हणून एक गिअर टाकला की पाय एकदम हवेत गेल्यासारखे फिरतात, स्पीड पडतो, परत २६ लावला की परत जड. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या आणि शेवटची एकच दुप्पट उंच, तसला प्रकार. ११-३२ मध्ये ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२ असं येतं. २८ वरून ३२ म्हणजे चौदा टक्के, पायाला कळतं पण झटका बसत नाही. म्हणून मी ३२ घेतली. ज्यांच्याकडे दहा किंवा अकरा स्पीड आहे त्यांना हा त्रास एवढा नाही, त्यांनी खुशाल ३४ घ्यावी, चकत्या जास्त असल्यामुळे उड्या छोट्या राहतात.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मागचा डिरेल्युअर. त्याच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो, शेवटी एसएस असेल तर छोटा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग), जीएस असेल तर त्याहून लांब. कुठला मॉडेल किती मोठी चकती घेतो हे शिमानोच्या साइटवर स्पेक शीटमध्ये दिलेलं असतं, आणि त्यात टोटल कपॅसिटी असाही एक आकडा असतो. तो काढायचा म्हणजे पुढच्या दोन चकत्यांचा फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या-छोट्याचा फरक. माझं होतं १६ अधिक १७, तेहेतीस. नवीन कॅसेटने १६ अधिक २१, सदतीस. म्हणजे ढिली चेन गोळा करायची डिरेल्युअरची तेवढी ताकद पाहिजे. माझा जीएस निघाला, जमून गेलं. एसएस निघाला असता तर आधी शीट नीट वाचायची, अंदाजपंचे लावून घाटात डिरेल्युअर चाकात गेला की मग देवीच वाचवेल.

आणि हो, आधी खात्री करा की तुमच्याकडे कॅसेटच आहे. स्वस्तातल्या सहा-सात स्पीड सायकलींना बऱ्याचदा फ्रीव्हील असतो, तो अख्खा हबवर आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, त्याचं टूल वेगळं, काम वेगळं.

कॅसेट आणि चेन मिळून तीन हजारांच्या आत झालं. चेन का, तर जुनी मोजून बघितली. मुलीची मोठी फूटपट्टी घेतली, एका पिनवर शून्य धरलं, बारा इंचांवर बरोबर पिन यायला पाहिजे. माझी पिन इंचाच्या सोळाव्या भागापेक्षा पुढे गेली होती. अशी ताणलेली चेन नव्या दातांवर चढवली की नवी कॅसेट लवकर खराब होते. आठव्या भागापर्यंत गेली असेल तर जुनी कॅसेटही गेली समजा.

टूल लागतात ते असे: कॅसेट जागेवर आवळून धरणाऱ्या लॉकरिंगचं टूल, मोठा पाना, चेन कटर आणि चेन व्हिप. चेन व्हिप म्हणजे दांड्याला चेनचा तुकडा, कॅसेट फिरू नये म्हणून धरायला. विकत मिळतो, पण मी अंबडला एमआयडीसीत नोकरी करतो, आमच्या शॉपमधल्या फिटरला चित्र काढून दाखवलं, त्याने भंगारातली लोखंडी पट्टी घेतली, दोन भोकं पाडली, कुठल्यातरी जुन्या चेनचे दोन तुकडे लावून दिले. जेवणाच्या सुट्टीत काम झालं. मोबदला एक कटिंग.

दिवाळीच्या सुट्टीत दुपारी गॅलरीत पेपर अंथरून बसलो. बायको म्हणाली, "परत तो कारखाना इथे नको हं, फराळाचे डबे आहेत तिथे." मी म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे. अडीच तास लागले, पण ते पुढे.

मागचं चाक काढलं, क्विक रिलीजची दांडी बाहेर ओढली, लॉकरिंगमध्ये टूल बसवलं. व्हिप मोठ्या चकतीवर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचा आणि पाना उलट्या दिशेने दाबायचा. सरळ आटे आहेत, डावीकडे सुटतात. पहिल्यांदा हलतच नाही. मग एकदम कर्रर्र करून सुटतं आणि तुमची बोटं चकतीच्या दातांवर जातात, म्हणून हातमोजे घाला, मी घातले नव्हते. कॅसेट बाहेर आल्यावर आत त्र्यंबक रोडचा दोन पावसाळ्यांचा चिखल निघाला, काळा, घट्ट, गुळाच्या पाकासारखा. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलने पुसून काढला. कॅसेट ज्यावर बसते त्या फ्रीहबच्या खाचा बघितल्या, माझा स्टीलचा आहे म्हणून काही झालं नव्हतं, ॲल्युमिनियमचा असेल तर चकत्या त्यात रुतून चरे पाडतात आणि मग काढताना घाम निघतो.

ग्रीसचा पातळ हात मारला आणि नवीन बसवायला घेतली. खाचांमधली एक बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, त्यामुळे प्रत्येक चकती एकाच पद्धतीने बसते, चुकायला जागा नाही. म्हणजे कंपनीला वाटतं जागा नाही. मोठ्या चकत्या एकत्र पिनने जोडलेल्या आल्या होत्या, त्यावर सुट्ट्या चकत्या आणि मधे प्लास्टिकच्या रिंगा. सगळं चढवलं, लॉकरिंग आवळली, त्यावर ४० न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, कंपनीतून टॉर्क रेंच आणला होता, कट असा आवाज आला, मी खूश.

मग चेन. मी जुनी चेन शेजारी ठेवून तेवढीच नवी कापणार होतो आणि नशीब की त्याआधी काकांना फोन केला. ते ओरडलेच. "अरे थांब, जुन्या मापाने कापू नको! पुढची मोठी, मागची मोठी, दोन्हीवरून चेन गुंडाळ, डिरेल्युअरमधून घेऊ नको, जिथे टोकं भेटतात त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेव आणि मग काप." मागची चकती चार दातांनी वाढली की चेन साधारण एक इंच जास्त लागते, आणि जुन्या मापाची चेन मोठ्यावर मोठी पडली की डिरेल्युअर ताणून सरळ होतो, कधीकधी तुटतो. मोठ्यावर मोठी चालवू नये हे मलाही माहीत आहे, पण थकल्यावर हात चुकतो, आणि तेव्हा काहीतरी मोडण्यापेक्षा चेन लांब असलेली बरी. काकांनी फोन ठेवताना फराळाला बोलावलं, ते वेगळंच.

सगळं लावलं, सायकल उलटी करून पेडल फिरवलं. मोठ्या चकत्यांवर एकदम मख्खन. छोट्यांकडे गेलो की खडखड, चेन दोन चकत्यांच्या मधे नाचतेय. केबलचा ताण कमी-जास्त करायचा बॅरल फिरवला, छोट्या जमल्या, आता मोठ्या बिघडल्या. परत उलटा फिरवला. असं पाऊण तास. मी केबलला शिव्या दिल्या, डिरेल्युअर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकलाय असं ठरवलं, सायकल विकावी असंही मनात आलं. शेवटी बायकोने मागून विचारलं, "हे काय आहे?" पेपर गुंडाळून रद्दीत टाकायला गेली तर खालच्या बाजूला ग्रीसने चिकटलेली एक काळी प्लास्टिकची रिंग. दोन चकत्यांच्या मधली. एक रिंग कमी म्हणजे तिथून पुढचं सगळं गणित तीनेक मिलिमीटरने सरकलेलं, मग केबल कितीही ओढा, अर्ध्याच चकत्या जमणार. परत चाक काढलं, परत लॉकरिंग, परत कर्रर्र. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

त्यानंतर पाच मिनिटांत इंडेक्सिंग झालं, म्हणजे प्रत्येक क्लिकला चेन बरोबर एकेका चकतीवर बसायला लागली. फक्त ३२ वर गेलं की घर्रर्र आवाज, कारण डिरेल्युअरचं वरचं चाकडं मोठ्या चकतीला घासत होतं. त्याला बी-स्क्रू असतो, डिरेल्युअर जिथे फ्रेमला लागतो तिथे मागच्या बाजूला, तो आत फिरवला की डिरेल्युअर खाली सरकतो. चकती आणि चाकडं यात पाचसहा मिलिमीटर जागा पाहिजे, मी पाचची ॲलन की मधे धरून बघितली. चेन टोकाच्या चकत्यांपलीकडे जाऊ न देणाऱ्या लिमिट स्क्रूंना हात लावावा लागला नाही, सगळ्यात मोठी चकती त्याच जागी असते, फक्त उंच झालेली असते.

डिसेंबरात परत नांदुरी. थंडी अशी की चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून सोडवेना. घाट तोच, माणूस तोच, वजन दिवाळीमुळे जरा जास्तच. तिसऱ्या किलोमीटरला २८ वर होतो आणि हात सवयीने लिव्हरकडे गेला, ढकलला, आणि खट करून अजून एक गिअर मिळाला. त्या एका आवाजासाठी तीन हजार वसूल. स्पीड काही वाढला नाही, साडेसात-आठच होता, मी कुठला हिरो झालो नाही, काका तरीही पुढेच होते. पण बसून चढलो. बोलता येत होतं. ज्या वळणावर उतरलो होतो तिथे या वेळी एक माकड कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होतं, त्याला मी मान हलवून नमस्कार केला. वर पोचल्यावर गुडघा गप्प होता, दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिनाही चढलो.

फुकट मात्र काही मिळत नाही. उतरताना ५०-११ तेच, तिथे काही गमावलं नाही. पण परतीला दिंडोरी रोडवर समोरून वारा सुटला आणि मला माझी १७ ची चकती आठवली. जुन्या कॅसेटमध्ये १५, १७, १९, २१ असं होतं, आता १५, १८, २१. ताशी अठ्ठावीसच्या आसपास ५०-१७ वर माझे पाय पंचाहत्तरने फिरायचे, ती माझी आवडती चाल. आता १५ वर सदुसष्ट किंवा १८ वर ऐंशी. एक जरा जड, दुसरा जरा हलका, पाय सारखे गिअर बदलायला मागतात. ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवताना हे जास्त जाणवतं. रोज नुसतं गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणाऱ्याने या भानगडीत पडू नये, त्याला ११-२८ च बरी. पण रविवारी ज्याच्या तोंडी घाटाचं नाव येतं, कसारा असो, पेठ रोडचा सावळ घाट असो की गड, त्याने दोन वर्षं पाय बनवत बसण्यापेक्षा एक दुपार खर्च करावी असं माझं मत झालंय.

जुनी २८ ची धुऊन, तेल लावून, सुतळीत ओवून गॅलरीत खिळ्याला टांगलीय. पुढच्या महिन्यात शिर्डीची राइड आहे, मी काकांना म्हटलं तेवढ्यापुरती जुनी चढवतो, रस्ता सपाट आहे, चेन लांब आहे ती चालून जाईल, आता मला वीस मिनिटांत जमतं.

काका म्हणाले, "सिन्नरच्या आधी मोहदरी घाट आहे, तो काय तुझ्यासाठी काढून ठेवणारेत?"

ती खिळ्यालाच आहे अजून.